आपांच्या ओट्यावरची कुत्री

आमच्याकडे कुत्र्याला नाव द्यायचं नाही, असा नियम आहे. नियम माझाच. ज्या घरी ते जाईल त्या घराने त्याचं बारसं करावं. आपण नाव दिलं की ते आपलं होतं, आणि एकदा आपलं झालं की दुसऱ्याच्या गाडीत बसवताना हात मागे येतो. आमचे हे म्हणतात, "कुत्र्याला नाव देत नाहीस, पण बाकी सगळ्या गावाला नावं ठेवतेस." खरं आहे ते. गावात नावं ठेवण्यासारखं पुष्कळ आहे.

दिवेआगरात आमची सुपारीची वाडी आहे, थोडे माड आहेत, आणि मागच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या. शनिवारी माणसं येतात. समुद्रावर एखादं कुत्रं त्यांच्या मागे लागतं. ती त्याला तळलेली सुरमई घालतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात, हौसेने एखादं इंग्रजी नाव ठेवतात. रविवारी संध्याकाळी गाडी सुटते आणि ते कुत्रं बोर्लीच्या रस्त्यापर्यंत गाडीमागे धावतं. मग जीभ बाहेर काढून परत येतं, आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्याच कुणाच्या हाकेला शेपूट हलवतं. मला या माणसांचा फार राग येतो. एकदा मी एका बाईंना तोंडावर म्हटलं, "एवढा लळा लागलाय तर घेऊन जा की." त्या हसल्या. आमच्या सोसायटीत चालत नाही, म्हणाल्या. त्या कुत्र्याला मात्र सोसायटीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

अशी मागे राहिलेली, गाडीने उडवलेली, खरजेने केस झडलेली कुत्री मी आमच्या रिकाम्या गोठ्यात आणून ठेवते. गुरांचे डॉक्टर श्रीवर्धनहून येतात, त्यांच्याकडून कुत्र्यांना सुया टोचून घेते, नसबंदी करून घेते, आणि मग फोनवरून फोटो पाठवत घर शोधत बसते. कुणी पुण्याला गेलं, कुणी पनवेलला. एक दिघीहून फेरीबोटीत बसून आगरदांड्याला आणि तिथून मुरुडला गेलं, वाटेत एका नव्या कोऱ्या मोटारसायकलवर ओकलं. गेलेल्यांचे व्हिडिओ येतात. सोफ्यावर लोळणारी, स्वेटर घातलेली, डोक्यावर वाढदिवसाची टोपी घेऊन बावळटासारखी बघणारी. मी ते पाहते, मनापासून खूश होते, आणि मग गोठ्यात जाऊन आधीच घासलेली थाळी पुन्हा घासून ठेवते.

हे सगळं ज्या कुत्रीपासून सुरू झालं, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे आपांबद्दल आलंच.

आमच्या दारासमोर एक अरुंद गल्ली आहे आणि गल्लीपलीकडे आपांचं घर. सगळी आळी त्यांना आपा म्हणते, म्हणून मीही. त्यांचा नवरा बोटीवर खलाशी होता. वर्षातून एकदा घरी यायचा, आणि एका वर्षी आलाच नाही. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात आजारी पडला आणि तिथेच मातीत गेला. एकुलता एक मुलगा कुवेतला नोकरीला, बायकामुलांसह. मोठं घर, त्यातल्या दोन खोल्या उघड्या आणि बाकीच्या कुलपात. ईदेला शीरखुर्मा गल्ली ओलांडून आमच्याकडे यायचा, गणपतीत मोदक तिकडे जायचे. बोलणं गोड होतं, पण ते आपापल्या ओट्यावरून. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून आमचं हे असंच होतं.

मग ते चक्रीवादळ आलं. ते काय होतं हे दिवेआगरच्या माणसाला विचारू नये, कारण मग तो थांबत नाही. आमच्या वाडीतल्या सुपारीच्या पोफळी आगपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोक्याला हात लावून त्या बघत उभी होते, तेवढ्यात समोरून आपांची हाक आली.

"बाय, हिकडं ये गो! पडवीखाली काय तरी रडतंय."

त्यांच्या पडवीवर माड आडवा झाला होता. पत्र्याखाली एक तांबूस कुत्री अडकली होती, पुढचा एक पंजा खोडाखाली. रात्रभर ती तशीच होती. आपा एकट्या घरात, तेही अर्धं उघडं पडलेलं, तरी त्यांनी बांबूच्या टोकाला करवंटी बांधून तिला पाणी पाजलं होतं. आमच्या ह्यांनी पहार आणली, खोड उचकटलं, मी कुत्रीला ओढून काढलं. ओढताना ती मला चावली. मी तिला एक शिवी दिली आणि पदरात गुंडाळून घरी आणली. हे म्हणाले, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." घरावर कौल उरलं नव्हतं आणि मी कुत्री घेऊन आले होते, त्यामुळे त्यांचं चुकलं नव्हतं.

गोठ्यात ठेवून मी तिची मलमपट्टी केली. पाय जुळला, पण वाकडा जुळला. आणि जरा चालता यायला लागल्याबरोबर बाईसाहेब लंगडत गल्ली ओलांडून गेल्या नि आपांच्या ओट्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. मी हाक मारली की मान वळवून बघायची, शिष्टाचार म्हणून शेपूट एकदा आपटायची, आणि पुन्हा तोंड आपांच्या दाराकडे. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

मी आपांना विचारलं, "तुमच्यात कुत्रं चालतं का?"

"घरात न्हाय चालत. पण पायरीवर बसली तर माझं काय नेतेय? तहानलेल्या जिवाला पाणी पाजलं तर सवाब हाय, तुमच्यात पुन्य म्हनतात तसा."

"आणि हात लावला तर?"

तेव्हा त्यांनी मला ते समजावून सांगितलं. हात कोरडा आणि कुत्रंही कोरडं असेल तर काही होत नाही. ओलं लागलं, लाळ लागली, तर मात्र धुवायला लागतं. "सात येळा धुवायचं. त्यातली एक येळ मातीनं. त्याबिगर नमाज न्हाय."

मी मनात म्हटलं, कोकणात कोरडं कुत्रं शोधायचं म्हणजे कठीणच. इथे समुद्राची हवा, वाडीला पाण्याचे पाट, आणि वर्षातले चार महिने आभाळच फाटलेलं असतं.

पण आपांनी आपला नियम वाकवला नाही, आणि कुत्रीलाही अंतर दिलं नाही. दोन्ही सांभाळायची त्यांनी एक रीत बसवली. तांदळाची भाकरी आणि माशाच्या डोक्यांचं कालवण लांब दांड्याच्या डवल्यातून वाढायच्या. तिला खरूज झाली तेव्हा काठीच्या टोकाला चिंधी बांधून करंजाचं तेल लावलं, इतकं हळू की कुत्री डोळे मिटून उभी राहायची. आणि दसऱ्याच्या सुमाराला पाऊस संपून ऊन पडलं की दोघींचा सण सुरू व्हायचा. कुत्री सकाळभर अंगणात उन्हात पडून राहायची. दुपारची नमाज झाली की आपा ओट्यावर येऊन बसायच्या, आधी हात पदराला पुसायच्या, आणि मग तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. तोसुद्धा पालथा हात. तळव्याला घाम असतो, म्हणायच्या.

कुत्रीही शिकली. ती आपांना कधी चाटत नसे. जवळ यायची ती तोंड दुसरीकडे वळवून, आणि नुसती पाठ पुढे करायची. मला मात्र दिवसातून चार वेळा नाकापासून कपाळापर्यंत चाटायची, जणू काही तिकडची सगळी बाकी माझ्यावर फेडत होती.

जून लागला की ताटातूट. पायरीवर पागोळ्यांखाली ती भिजलेली बसायची आणि आपा दाराच्या आत खुर्ची टाकून. आषाढात नवी नवरी माहेरी गेल्यासारखं. मध्ये चार हातांचं अंतर. आपा तिच्याशी बोलत राहायच्या. नाव नव्हतंच, नियम त्यांनीही पाळला होता. त्या तिला नुसतं "गो" म्हणायच्या. "जेवलीस काय गो? काय बघतीस गो? आज मुलाचा फोन न्हाय आला गो."

संध्याकाळी मीही चहाचा पेला घेऊन तिकडे जाऊन बसायला लागले. आधी कुत्रीचं निमित्त होतं. मग निमित्त लागेनासं झालं. बोलण्यात काय, भाजीचा भाव, सुनांची गाऱ्हाणी, गुडघे. त्यांना माझ्या बोलण्यातला तिखटपणा आवडायचा. मी कुणाची नक्कल केली की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या नि वर म्हणायच्या, "तोबा! अशी बोलू नको गो." आणि पुन्हा करायला लावायच्या. या गावात मला शेजारणी पुष्कळ होत्या, जावा-नणंदा होत्या. मैत्रीण नव्हती. पन्नाशी उलटल्यावर मिळाली, तीही एका लंगड्या कुत्रीच्या ओळखीने.

गोठ्यात इतर बरीच कुत्री येत राहिली आणि जात राहिली. प्रत्येक वेळी मी हिचाही फोटो पाठवायची. तिला कुणी विचारायचं नाही. वाकडा पाय, उतरलेलं वय, थोबाडही काही देखणं नव्हतं. त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आपा विचारायच्या, "हिला कोण मागत न्हाय काय?" मी नाही म्हटलं की त्या म्हणायच्या, "बिचारी!" आणि डवला भरून कालवण वाढायच्या.

असे चार पावसाळे गेले.

मग एका हिवाळ्यात आपा न्हाणीत पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण मुलगा घाबरला. तो सुट्टीवर आला, कुलपातल्या खोल्या, औषधांचे डबे, एकट्या चुलीवरचं एकच पातेलं, सगळं त्याने बघितलं. शांत मुलगा आहे. आईसमोर आवाज चढवत नाही. तो मला एवढंच म्हणाला, "काकी, मी तिला घेऊन जातो. आता हिला इथं ठेवायची न्हाय." कागदपत्रं होईपर्यंत उन्हाळा जाणार होता. पावसाळ्यात निघायचं ठरलं.

आपांनी मुलाला काही म्हटलं नाही. माझ्याजवळ त्यांनी एकच गोष्ट काढली.

"हिचं काय करायचं गो?"

"काय म्हणजे? मी आहे की. गल्ली ओलांडून आमच्याकडे येईल. गोठा आहे, ओटा आहे."

आपांनी पायरीवरच्या कुत्रीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "न्हाय. तुझ्याकडं न्हाय ठेवायची."

मला ते लागलं. पदरात गुंडाळून मी आणलेली, मला चावलेली, मी बरी केलेली कुत्री. मी म्हटलं, "का? मी उपाशी मारीन का तिला?"

"तुझ्या दारातून माझं दार दिसतं," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. त्यांनी समोर बोट केलं. आमचं दार, आणि त्यांचं दार, मध्ये ती एवढीशी गल्ली.

"तू तिला दूध दे, मटण दे, ती हिकडंच बघत बसंल. मी बसली हाय ना. आधी बोटीची वाट बघितली, मग विमानाची बघितली. दार वाजलं की उठायचं, न्हाय वाजलं की बसायचं. सगळी उमर मी ते काम केलंय. तिला न्हाय करू द्यायची. लांब दे. जिथून ह्यो दरवाजा दिसनार न्हाय, तिथं दे."

त्या दिवशी मी रागातच घरी आले. ह्यांच्यावर विनाकारण खेकसले, भाजीत मीठ दोनदा टाकलं. पण राग गेला की त्या म्हणत होत्या ते दिसायला लागलं. ती कुत्री बंद दारासमोर पायरीवर बसली आहे, पाऊस पडतोय, आणि ती बसलीच आहे. ते मलाही बघवलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून मी घर शोधायला लागले, आणि या वेळी खरोखर शोधलं.

तळा गावात एक जोडपं निघालं. ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यांची बायको. आमच्या ओळखीतले नव्हेत, ओळखीच्यांच्या ओळखीतले. त्यांचा म्हातारा कुत्रा नुकताच गेला होता आणि त्यांना पिल्लू नको होतं. "आता आमच्या वयाला पिल्लू झेपत नाही हो. आमच्यासारखंच कुणीतरी द्या," त्या बाई फोनवर म्हणाल्या. मे महिन्यात दोघं बघायला आली. पसंत करायला ती दोघं आली होती, पण बघण्याचा कार्यक्रम आपांनीच केला. ओट्यावर खुर्च्या टाकल्या, सरबत दिलं, आणि मुलीच्या सासरची चौकशी करावी तशी चौकशी सुरू केली.

"दारं किती हायत घराला?"

"दोन. पुढचं आणि परसाकडचं," ते म्हणाले.

"बंद ठेवता काय?"

"खेड्यात कोण दार लावतं हो दिवसाचं?"

"मग हिला घरात घेनार, का बाहेरच?"

त्या बाई जरा ओशाळल्या. "घरातच. आधीचा तर आमच्या पलंगाखाली झोपायचा. चालेल ना?"

आपांनी मान हलवली. सरबताचे पेले उचलून आत नेताना त्या माझ्या कानाशी थांबल्या. "ऐकलंस? पलंगाखाली! आन माझ्याकडं चार साल पायरीवर काढली बिचारीनं." त्यांचे डोळे भरले होते. मी पेले त्यांच्या हातातून घेतले. बोलले असते तर मीही रडले असते, आणि पाहुणे घाबरून परत गेले असते.

आपा निघायच्या आदल्या दिवशी तळ्याचे पाहुणे कुत्रीला न्यायला येतील, असं ठरलं. जुलै महिना. जुलैत आमच्याकडे पापड मऊ पडतात, आगपेटी पेटत नाही, आणि दोरीवर टाकलेला परकर चौथ्या दिवशी ओलाच काढून पुन्हा धुवावा लागतो. त्या दिवशी सकाळी आपा छत्री घेऊन गल्ली ओलांडून आल्या आणि आमच्या गोठ्याच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. कुत्री त्यांच्या मागोमाग, निथळत.

"बाय," त्या म्हणाल्या, "ही सुकंल काय गो?"

म्हणजे काय ते मला लगेच कळलं. जाण्याआधी एकदा पाठीवरून हात फिरवायचा होता.

मग आम्ही जुलै महिन्यात कुत्री सुकवायला बसलो. मी घमेल्यात करवंट्यांचे निखारे केले, ह्यांच्या दोन जुन्या लुंग्या फाडल्या, कुत्रीला गोणपाटावर बसवलं आणि पुसायला लागले. आपा उंबऱ्याशी स्टुलावर बसून सूचना करत होत्या. "पोटाखाली राहिलंय. कानामागं बघ. शेपूट अजून ओली हाय." ह्यांनी डोकावून बघितलं आणि विचारलं, "कुत्री भाजताय की काय?" मग स्वतःच एका पर्यटक बाईने विसरलेलं केस सुकवायचं यंत्र घेऊन आले. मोठ्या थाटात तार लावली, तर वीज गेलेली. आपा पदर तोंडाला लावून हसल्या. कुत्रीला या सगळ्याचं फार सुख वाटत होतं. निखाऱ्यांकडे पोट करून ती पाय ताणून पडली होती, मधूनच एक डोळा उघडून आपा आहेत ना एवढं बघत होती. धुराने आमचे डोळे चुरचुरत होते. आपा तिच्याशी बोलत होत्या, वादळाच्या रात्रीपासूनचं सगळं, तिला आठवावं म्हणून की स्वतःला, कोण जाणे.

पाठ सुकली. मान सुकली. नुसता गळा नि पोट राहिलं होतं. मी म्हटलं, "आपा, आता पाठीवरून फिरवा हात, झालीय." त्या म्हणाल्या, "थांब गो, राहू दे अजून जरा. काय घाई हाय?"

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आमच्या कुत्रीची एक सवय होती, गाडी वाजली की वाकड्या पायाने का होईना, फाटकाकडे धाव घ्यायचीच. मी लुंगी धरायच्या आत ती उठली, गोठ्यातून सुटली, आणि सगळ्या अंगणातल्या चिखलात एक फेरी मारून तळ्याच्या पाहुण्यांवर भुंकून आली. पाऊस असा होता की समोरचं घर दिसत नव्हतं. पाहुणे छत्रीखाली उभे. गाडीचं दार उघडं. म्हसळ्याच्या रस्त्याला पाणी भरायच्या आत त्यांना निघायचं होतं.

आपा आपल्या घरी परत गेल्या, ओट्यावर चढल्या आणि उभ्या राहिल्या. कुत्रीही नेहमीप्रमाणे तिकडेच गेली, खालच्या पायरीपाशी थांबली, अंगावरून पाणी ओघळतंय, आणि शिकल्याप्रमाणे तोंड दुसरीकडे वळवून तिने नुसती पाठ पुढे केली.

मी म्हटलं, "आपा, राहू दे. नुसती हाक मारा तिला."

आपांनी छत्री खाली ठेवली. गुडघ्यांवर हात टेकून एक एक पायरी उतरल्या आणि पावसात त्या खालच्या पायरीवर बसल्या. पालथा हात नाही. दोन्ही तळवे. त्यांनी तिचं ओलं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. कुत्री गोंधळली. ती तोंड फिरवायलाच बघत होती, लांब ठेवायलाच बघत होती.

"बघ की गो माझ्याकडं," आपा म्हणाल्या, आणि तिचं तोंड त्यांनीच आपल्याकडे वळवलं.

कुत्रीने त्यांना हनुवटीपासून कपाळापर्यंत चाटलं. मग गाल, मग हात, मग पुन्हा गाल. चार पावसाळ्यांचं सगळं. आपा डोळे मिटून बसून राहिल्या. तळ्याच्या त्या बाईंनी छत्रीआडून तोंड फिरवलं, आणि आमचे हे, जे कशालाच रडत नाहीत, ते गाडीच्या टायरमधली हवा बघायला लागले.

गाडी गेली. कुत्री मागच्या काचेत उभी होती. आम्ही हात केले नाहीत, कुत्र्याला त्याचा अर्थ कळत नाही.

मग आपा उठल्या आणि घरामागच्या नळाशी गेल्या. मी पाणी घालायला बरोबर गेले. नळामागे पत्र्याच्या आडोशाला एक झाकणाचा डबा होता. त्यांनी झाकण उघडायला सांगितलं. आत माती होती. तांबडी, बारीक चाळलेली, जुलै महिन्यात खडखडीत कोरडी.

"ही कधी भरलीत?" मी विचारलं.

"एप्रिलात. ऊन होतं तवा."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग सकाळपासून मला निखारे कशाला करायला लावलेत?"

"तेवढाच येळ ती माझ्यासमोर बसली की गो," आपा म्हणाल्या.

मी तांब्याने पाणी घालत राहिले आणि त्या माती घेऊन हात चोळत राहिल्या. मग तोंड धुतलं. पुन्हा हात. तांबडं पाणी दगडावरून वाहत जाऊन साध्या पाण्यात मिसळत होतं. धुऊन झाल्यावर त्या नमाजला गेल्या, आणि मी घरी येऊन घमेल्यातले निखारे विझवले.

दुसऱ्या दिवशी त्याही गेल्या. मुलाने कुलूप लावलं आणि चावी माझ्याकडे दिली. आठवड्यातून एकदा मी दार उघडते, झाडते, खिडक्या उघडून कोंदट वास घालवते, आणि पुन्हा लावते.

तळ्याच्या बाई अधूनमधून व्हिडिओ पाठवतात. त्यांनी तिला छानसं नाव ठेवलंय, पण ते ऐकून ती कानसुद्धा हलवत नाही. एकदा बाई सहज म्हणाल्या, "काय गो, उठायचं नाही का?" तर टुणकन उठून उभी राहिली. आता त्या तिला तसंच हाक मारतात. परवाचा व्हिडिओ माजघरातला होता. कांबळ्यावर ती आडवी, पोट वर, वाकडा पाय हवेत. तिच्या पाठीमागे घराचं पुढचं दार सताड उघडं होतं. कुणीतरी दारातून आलं, भांडं वाजलं, पण हिने डोकं वर केलं नाही.

आपांचा फोन शुक्रवारी येतो. नातवंडं मागे कालवा करत असतात. मी सांगितलं, व्हिडिओ आलाय.

"खातेय काय नीट?"

"खाऊन खाऊन गोल झालीय."

त्यांनी नातवंडांना दटावून गप्प केलं. मग त्यांनी विचारलं, "दाराकडं तोंड करून झोपते काय गो?"

मी पुन्हा एकदा व्हिडिओ आठवला. "नाही आपा. पाठ करून झोपते. घोरते."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तिचं ते काम सुटलं." मग नेहमीसारखं, "आन तू? तू बरी हायस ना?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. त्या हसल्या. पदर तोंडाला लावला असणार.

फोन ठेवला तेव्हा मी आमच्या ओट्यावर बसले होते. हल्ली संध्याकाळचा चहा मी इथेच घेते. डास फोडून काढतात, हे आतून ओरडतात, आत ये, आत ये, आणि मी जाते म्हणते नि बसून राहते. आपांनी त्या कुत्रीचा सगळा विचार केला होता, माती कोरडी ठेवण्यापर्यंत सगळा. माझ्या दारातून त्यांचं दार दिसतं, हे तिच्यासाठी त्यांच्या लक्षात आलं. माझ्यासाठी आलं नाही.